विनोदिनी दासी यांच्या आठवणी आणि गिरीशचंद्र घोष : रंगभूमीच्या इतिहासाचें एक साधन

इतिहासाच्या कामीं आठवणींचें प्रमाण कितपत मानावें, हा वाद आपल्याकडे जुना आहे. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हां त्याच्या प्रस्तावनेंत बखरींची कसून झडती घेतली; आणि प्रसंग घडून गेल्यावर पुष्कळ काळानें, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या मजकुरापेक्षां त्या त्या वेळचीं अस्सल पत्रें अधिक मोलाचीं, हा दंडक घालून दिला. राजकीय इतिहासास हा दंडक चांगलाच मानवला. लढाई कोणत्या तिथीस झाली, तह कोणत्या कलमांवर ठरला, हें पत्रावरून जितकें निश्चित कळतें तितकें बखरीवरून कळत नाहीं. परंतु ज्या विषयांत पत्रच लिहिलें जात नाहीं, तेथें काय करावें? रंगभूमि हा असा विषय आहे. नाटकाची संहिता छापली जाते, हस्तपत्रिका व वर्तमानपत्रांतील जाहिराती शिल्लक राहतात, क्वचित् जमाखर्चाच्या वह्या सांपडतात. परंतु नटीनें पाऊल कसें टाकलें, कोणत्या शब्दावर ती थांबली, तालमींत गुरूनें तिला काय सांगितलें, हें कोणत्याही कागदावर उतरत नाहीं. पेशवे दफ्तरांत कलावंतिणींना दिलेल्या बिदागीचे आंकडे मिळतात. त्या नाचल्या कशा, हें मिळत नाहीं. अशा ठिकाणीं आठवण हेंच साधन होय, आणि तें टाकून द्यावयाचें तर विषयच टाकून द्यावा लागतो.

या साधनाची परीक्षा कशी करावी हें एका उदाहरणावरून दाखवावें असा आमचा हेतु आहे. उदाहरण बंगालचें आहे. विनोदिनी दासी ही एकोणिसाव्या शतकांतील कलकत्त्याच्या रंगभूमीवरील सर्वांत नांवाजलेली नटी. १८७४ पासून १८८६ अखेरपर्यंत बारा वर्षें त्या रंगभूमीवर गायल्या, नाचल्या, बोलल्या. आणि वयाची पंचविशीही पुरी झाली नव्हती तेव्हां रंगभूमि सोडून घरीं बसल्या. पुढें पुष्कळ वर्षांनीं, १९१२ सालीं, त्यांनीं 'आमार कथा' या नांवानें आपली हकीकत प्रसिद्ध केली. तिचा मध्यबिंदु त्यांचे गुरु गिरीशचंद्र घोष हे आहेत. गिरीशबाबूंची ओळख मराठी वाचकांस थोडक्यांत करून द्यावयाची तर असें म्हणतां येईल, कीं आपल्याकडील अण्णासाहेब किर्लोस्करांची नाट्यरचना, गणपतराव जोशांचें अभिनयसामर्थ्य आणि एखाद्या कसलेल्या तालीममास्तराची शिस्त हीं तिन्ही एका माणसांत एकवटलीं होतीं. १८४४ सालीं त्यांचा जन्म झाला व १९१२ च्या फेब्रुवारींत ते वारले. पौराणिक, चरित्रात्मक व सामाजिक अशीं अनेक नाटकें त्यांनीं लिहिलीं, आणि त्यांतील बहुतेकांत पदें व नृत्यें इतकीं असत कीं त्यांस संगीत नाटकें म्हणण्यास कोणतीच हरकत नाहीं.

'नटी' हा शब्द येथें त्याच्या जुन्या अर्थानें घ्यावयाचा. गाणें, नाचणें व अभिनय हे तीन धंदे त्या काळीं वेगळे झालेले नव्हते. शरीर एक आणि त्यास येणाऱ्या विद्या तीन, अशी स्थिति होती. विनोदिनीबाईंचें शिक्षणही त्याच क्रमानें झालें. कलकत्त्याच्या कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील त्यांच्या दरिद्री घरांत गंगा नांवाची एक गायिका भाड्यानें राहावयास आली, तिच्यापाशीं लहानपणीं गाण्याचे पहिले धडे झाले. तिच्याकडे येणाऱ्या गृहस्थांच्या ओळखीनें मुलगी ग्रेट नॅशनल थिएटरांत गेली. पगार दरमहा १० रुपये. १८७४ च्या डिसेंबरांत 'शत्रुसंहार' नाटकांत द्रौपदीच्या सखीची लहानशी भूमिका तिला मिळाली. वेणीसंहाराची कथा आपल्या वाचकांस परिचित आहे, तीच ही.

येथें एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. कलकत्त्यास तिकीट लावून सार्वजनिक नाटकें करण्याचा प्रघात १८७२ च्या ७ डिसेंबरला नॅशनल थिएटरनें पाडला, आणि पुढच्याच वर्षीं बेंगाल थिएटरनें स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांस दिल्या. आपल्याकडे तसें झालें नाहीं. 'सौभद्र' १८८२ त आलें तेव्हां सुभद्रा भाऊराव कोल्हटकर झाले, आणि तो प्रघात बालगंधर्वांच्या काळापर्यंत वैभवानें चालला. आपल्या संगीत रंगभूमीच्या पहिल्या पन्नास वर्षांविषयीं आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या पुरुषांच्या. मुख्य प्रवाहांतील एखाद्या कंपनींत राहून गुरूच्या हाताखालीं घडलेल्या स्त्रीची साक्ष आपणांपाशीं त्या काळाची नाहीं. म्हणूनच बंगालच्या या बाईंचें पुस्तक आपल्या अभ्यासकांनीं वाचण्यासारखें आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम हें पाहूं कीं त्यांत आनंदाच्या आठवणी कोणत्या आहेत. कारण पुस्तकाचा सूर शोकाचा असला तरी गुरूविषयींचा भाग आला कीं लेखणी एकदम उजळते. १८७७ च्या सुमारास गिरीशबाबूंनीं विनोदिनीबाईंस बेंगाल थिएटरमधून आपल्या नॅशनलमध्यें आणलें. तेव्हांपासून पुढचीं जवळजवळ दहा वर्षें गुरुशिष्येचा हा संबंध चालला. गिरीशबाबूंची शिकविण्याची रीत बाईंनीं बारकाईनें सांगितली आहे. ते नुसतें म्हणून दाखवून तसेंच म्हणवून घेत नसत. प्रथम भूमिकेचा भाव समजावून देत. मग मुलीला तो स्वतःच्या शब्दांत मांडावयास सांगत. आणि त्यानंतर संवाद पाठ करावयाचे. तालमीबाहेरही शिक्षण चाले. संध्याकाळीं गिरीशबाबू, अमृतलाल मित्र, अमृतलाल बसु वगैरे मंडळी जमली कीं शेक्सपियर, मिल्टन, बायरन, पोप यांच्या काव्यांच्या गोष्टी निघत. इंग्लंडांतील मिसेस सिडन्स, एलेन टेरी या नटींचीं चरित्रें सांगितलीं जात. कलकत्त्यास इंग्रजी नाटकमंडळी आली कीं बाईंस तेथें नेत, आणि परत आल्यावर काय पाहिलें याची उलटतपासणी होई. ज्या मुलीला शाळेंत नीट बसतां आलें नाहीं, तिला सिडन्सची गोष्ट सांगणें याचा अर्थ काय, हें त्या काळच्या समाजस्थितीची कल्पना असणारांस सांगावयास नको. नटीच्या धंद्यास मान असूं शकतो, तो समुद्रापलीकडे मिळतही आहे, ही वार्ता तिला प्रथम गुरूच्या तोंडून कळली.

या शिक्षणाचें फळ म्हणजे भूमिका पालटण्याचें सामर्थ्य. मायकेल मधुसूदनांच्या 'मेघनादवध' काव्याच्या नाट्यरूपांत विनोदिनीबाईंनीं सात भूमिका केल्या. त्यांत सीताही होती आणि प्रमीलाही होती. बंकिमचंद्रांच्या 'दुर्गेशनंदिनी'त आयेषा व तिलोत्तमा या दोन्ही नायिका त्यांनीं केल्या. 'मृणालिनी'मधील मनोरमा पाहून स्वतः बंकिमबाबू संतुष्ट झाल्याचें बाई सांगतात. 'चैतन्यलीला' झाल्यावर त्याच रात्रीं अमृतलाल बसूंच्या 'विवाहविभ्राट' या प्रहसनांत विलासिनी कारफर्मा ही नव्या चालीची फटाकडी बाई त्याच करीत. एका प्रहरांत कीर्तनानंदीं नाचणारा संन्यासी आणि दुसऱ्यांत लोकांस पोट धरून हंसविणारी बाई! आपल्याकडे पुरुष सुभद्रा होत होता, त्याच दशकांत कलकत्त्यास एक स्त्री चैतन्य महाप्रभु होऊन नाचत होती, ही गोष्ट तुलनेसाठीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नृत्याविषयींची एक आठवण मात्र गिरीशबाबूंच्या पूर्वीची आहे. पण तिच्याइतका जिवंत उतारा आम्हांस दुसरा आढळला नाहीं. ज्योतिरिंद्रनाथ ठाकुरांच्या 'सरोजिनी' नाटकांत रजपूत स्त्रियांच्या जोहाराचा देखावा होता. त्या प्रसंगाचें गीत तरुण रवींद्रनाथांनीं रचलेलें. रंगभूमीवर चिता पेटविलेल्या असत, तांबडीं लुगडीं नेसलेल्या, फुलांच्या माळा घातलेल्या नटी त्यांच्याभोंवतीं गात गात फेर धरीत, आणि एकेक करून आगींत उडी घेत. ज्वाळा खोट्या नव्हत्या. कोणाचे केस जळत, कोणाचें वस्त्र पेटे. पण फेर मोडत नसे, आणि त्या वेळीं अंगाचें भान कोणासच नसे असें बाई लिहितात. छापील नाटकांत या जागीं दोन ओळींची रंगसूचना असते. त्या दोन ओळींवरून कोणीं हा देखावा उभा करून दाखवावा!

आतां 'चैतन्यलीले'कडे येऊं. हें नाटक १८८४ च्या २ ऑगस्टला स्टार थिएटरांत प्रथम झालें. तालमी चालू असतां 'अमृतबझार पत्रिके'चे शिशिरकुमार घोष येऊन बसत व गौरांगाचे चरण चिंतीत जा असा उपदेश करीत. पहिल्या प्रयोगाच्या आदल्या रात्रीं विनोदिनीबाईंस झोंप आली नाहीं. पहांटे उठून त्यांनीं गंगास्नान केलें, १०८ वेळां दुर्गेचें नांव लिहिलें आणि मग त्या रंगपटांत गेल्या. संकीर्तनाच्या प्रवेशांत त्या नाचतां नाचतां देहभान विसरत आणि कित्येकदां पडदा पडतांच मूर्च्छित होत. त्या सालच्या २१ सप्टेंबरला श्रीरामकृष्ण परमहंस हें नाटक पाहण्यास आले आणि खेळानंतर त्यांनीं विनोदिनीबाईंस आशीर्वाद दिला. ज्या स्त्रीला गृहस्थाच्या उंबऱ्यावर चढतां येत नव्हतें तिच्या मस्तकावर परमहंसांनीं हात ठेवला, याचें मोल बाईंच्या आयुष्यांत केवढें असेल! सर्व आत्मवृत्तांत हा प्रसंग त्या पुनःपुन्हां आठवतात.

येथें साक्षीची पहिली परीक्षा करतां येते. परमहंसांच्या या भेटीची नोंद महेंद्रनाथ गुप्त यांच्या 'कथामृतां'त त्याच तारखेस आहे, आणि ते रोजच्या रोज टिपण ठेवीत असत. म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनंतर लिहिलेली आठवण व त्या वेळचें टिपण हीं मुख्य गोष्टींत जुळतात. 'रईस अँड रय्यत'चे शंभुचंद्र मुखर्जी यांनीं बाईंच्या अभिनयाची केलेली तारीफही त्या काळाचीच आहे. 'बुद्धदेवचरित' या १८८५ च्या नाटकांत विनोदिनीबाई गोपा होत. तें नाटक सर एडविन अर्नोल्ड यांच्या 'लाइट ऑफ एशिया' काव्यावर आधारलेलें असून गिरीशबाबूंनीं तें त्यांसच अर्पण केलें. (हे अर्नोल्ड साहेब १८५७ नंतर कांहीं वर्षें पुण्यास, पुढें डेक्कन कॉलेज म्हणून ओळखल्या गेलेल्या विद्यालयाचे प्राचार्य होते. बुद्धचरित्रावरील ज्या काव्यानें बंगाली रंगभूमीस एक नाटक दिलें, त्याच्या कर्त्याची हिंदुस्थानाशीं पहिली ओळख आपल्या मुळामुठेच्या कांठीं झाली, हें जातां जातां नमूद करतों.) सारांश, जेथें जेथें बाहेरचा पुरावा मिळतो तेथें बाईंची आठवण सहसा त्यास धरून असते. सनावळींत त्या ढिल्या आहेत. वयें व महिने त्या अंदाजानें सांगतात. पण माणसें, स्थळें, नाटकें आणि भूमिका यांत त्यांची स्मृति पक्की आहे. नटाची स्मृति अशीच असावयाची. त्यास तारीख आठवत नाहीं, पण कोणत्या प्रवेशांत कोण कोठें उभा होता हें आठवतें.

दुसरी परीक्षा अधिक अवघड आहे, कारण तेथें लेखिका वादांतील एक पक्ष आहे. तो प्रसंग स्टार थिएटरच्या उभारणीचा.

नॅशनल थिएटरचे धनी प्रतापचंद जहुरी हे हिशेबी व्यापारी होते. गिरीशबाबू आपली नोकरी सोडून दरमहा १०० रुपयांवर त्यांचे व्यवस्थापक झाले. पुढें विनोदिनीबाई पंधरा दिवसांची रजा घेऊन काशीस गेल्या, तेथें दुखण्यामुळें महिनाभर राहावें लागलें, आणि परत आल्यावर त्या दिवसांचा पगार देण्याचें मालकांनीं नाकारलें. यावरून तंटा होऊन मंडळी फुटली. आपलेंच थिएटर काढावें हा बेत ठरला, पण पैसा कोठून आणावा? त्याच सुमारास गुर्मुख राय नांवाचा एक तरुण मारवाडी धनिक पुढें आला. विनोदिनीबाई आपल्या आश्रयास आल्या तर मी थिएटर बांधून देतों, अशी त्याची अट होती. बाई लिहितात, कीं मंडळींतील सर्वांनीं त्यांस गळ घातली. एका माणसाचा आश्रय सोडून दुसऱ्याचा धरणें त्यांच्या मनास रुचत नव्हतें. पण रंगभूमीवरील प्रेमामुळें व गुरुबंधूंच्या शब्दामुळें त्यांनीं होकार दिला. पुढें गुर्मुख रायनें, थिएटरचा नाद सोड, तुला ५०,००० रुपये रोख देतों, असेंही सांगून पाहिलें. बाईंनीं पैसे नाकारले आणि थिएटरच मागितलें.

बीडन स्ट्रीटवर जागा घेऊन काम सुरू झालें. त्या दिवसांची आठवण सांगतांना बाईंचा आनंद लपत नाहीं. दिवसभर तालीम, आणि संध्याकाळीं सर्वांच्या बरोबर मातीच्या टोपल्या वाहून त्या खड्डे भरीत. मजुरांना हुरूप यावा म्हणून टोपलीमागें कांहीं कवड्या त्यांनीं स्वतः लावून दिल्या होत्या. हें थिएटर माझ्या नांवानें उभें राहील, मी मेल्यावरही नांव राहील, अशी त्यांची समजूत मंडळींनीं करून दिली होती; नांव 'बी थिएटर' असें ठरल्याचें त्यांस सांगण्यांत आलें होतें. नोंदणीच्या दिवशीं मंडळी कचेरींतून परत आली. बाईंनीं उत्सुकतेनें विचारलें, नांव काय दिलें? दासुबाबूंनीं उत्तर दिलें, 'स्टार'. बाई कांहीं वेळ मटकन् खालीं बसून राहिल्या, तोंडांतून शब्द निघाला नाहीं. मग स्वतःस सांवरून, बरें झालें, एवढेंच त्या बोलल्या. १८८३ च्या २१ जुलैला 'दक्षयज्ञ' नाटकानें स्टार उघडलें. गिरीशबाबू दक्ष, अमृतलाल मित्र महादेव, विनोदिनीबाई सती.

एवढ्यावर तें थांबलें नाहीं. थोड्याच काळानें गुर्मुख राय घरच्यांच्या दडपणामुळें व प्रकृतीमुळें बाजूस झाला. मालकींतील अर्धा वांटा विनोदिनीबाईंस द्यावा असें त्याच्या मनांत होतें. त्या वेळीं गिरीशबाबूंनीं बाईंच्या आईची समजूत घातली, कीं मालकीच्या कटकटींत तुम्ही कशास पडतां, आपलें काम अभिनयाचें. आईनें ऐकलें. थिएटर ११,००० रुपयांस चार पुरुषांच्या नांवें झालें : अमृतलाल मित्र, दासुचरण नियोगी, हरिप्रसाद बसु व अमृतलाल बसु. याच मंडळींतील कांहींनीं पुढें आपणांस पगारी नटी म्हणूनही ठेवूं नये असा यत्न केला, ही तक्रारही बाईंनीं नोंदविली आहे.

ही हकीकत खरी मानावी काय? न्यायाच्या कचेरींत असते तशी उलटतपासणी येथें करतां येत नाहीं. पण कांहीं कसोट्या लावतां येतात. पहिली कसोटी पुस्तकाच्या रचनेची. 'आमार कथा' हें पुष्कळसें पत्राच्या रूपांत आहे आणि ज्यांस 'महाशय' म्हणून संबोधिलें आहे ते खुद्द गिरीशबाबूच. म्हणजे ज्याच्या डोळ्यांदेखत सर्व घडलें, किंबहुना ज्याचा त्यांत हात होता, त्यासच उद्देशून ही साक्ष लिहिलेली आहे. खोटें रचणारा मनुष्य तें त्याच प्रसंगाच्या साक्षीदारास वाचावयास पाठवीत नाहीं.

दुसरी कसोटी गिरीशबाबूंच्या प्रस्तावनेची, आणि आमच्या मतें ती निर्णायक आहे. बाईंनीं गुरूंस प्रस्तावना मागितली. त्यांनीं ती लिहून दिली. तींत स्तुति भरपूर होती. 'चैतन्यलीला', 'बुद्धदेव', 'बिल्वमंगल', 'नलदमयंती' या आपल्या नाटकांस लोकादर मिळाला याचें बरेंचसें श्रेय विनोदिनीच्या अभिनयास आहे, असें त्यांनीं मोकळेपणानें मान्य केलें. समाजावर तिनें केलेली टीका कठोर आहे, असा ठपकाही ठेवला. तरी बाईंनीं ती प्रस्तावना स्वीकारली नाहीं, कारण कांहीं खऱ्या गोष्टी तींत सांगावयाच्या राहिल्या होत्या. सर्वच अप्रिय सत्य सांगण्याजोगें नसतें, अशा अर्थाचें गिरीशबाबूंचें उत्तर बाईंनीं नमूद केलें आहे. आपण मरण्यापूर्वीं दुसरी प्रस्तावना लिहून देऊं असें आश्वासन त्यांनीं दिलें; पण त्यापूर्वींच मृत्यूनें त्यांस गांठलें. पहिली आवृत्ति तिच्यावांचून निघाली, आणि पुढच्या आवृत्तींत जुनीच प्रस्तावना घालावी लागली. आतां हें उत्तर बारकाईनें वाचावें. गिरीशबाबू शिष्येचें म्हणणें खोटें आहे असें म्हणत नाहींत. तें सांगण्याजोगें नाहीं, एवढेंच म्हणतात. प्रतिपक्षानें नाकारण्याची संधि असतां नाकारलें नाहीं, तर तो कबुलीच्या जवळचा पुरावा होय.

तिसरी कसोटी पैशाची आहे. १८८७ सालीं गोपाललाल शील या श्रीमंतानें बीडन स्ट्रीटची जागा व इमारत विकत घेऊन तेथें एमेराल्ड थिएटर काढलें. गिरीशबाबूंस २०,००० रुपये रोख व ३५० रुपये पगार देऊन त्यानें आपल्याकडे वळविलें. त्या रकमेंतील १६,००० रुपये गिरीशबाबूंनीं स्टारच्या जुन्या सोबत्यांस नवीं इमारत बांधण्यासाठीं देऊन टाकले. हातीबागान येथें नवें स्टार उभें राहिलें आणि १८८८ च्या मे महिन्यांत तें त्यांच्याच 'नसीराम' नाटकानें उघडलें. दुसऱ्या थिएटरशीं करार असल्यामुळें नाटक टोपणनांवानें दिलें होतें. या औदार्यास तोड नाहीं. पण तोच मनुष्य चार वर्षांपूर्वीं शिष्येच्या आईस मालकीच्या फंदांत पडूं नका असें सांगत होता. दोन्ही गोष्टी एकाच स्वभावांतून निघाल्या. थिएटर ही मंडळींची वस्तु, आणि मंडळी म्हणजे पुरुष, हें गृहीत धरलेलें होतें. नटीचें नांव पाटीवर लागलें तर भद्र लोक येणार नाहींत, ही भीतिही त्यामागें असावी, असें आमचें अनुमान आहे. गिरीशबाबूंस दुष्ट ठरविण्याचें कारण नाहीं, आणि बाईंनींही तसें ठरविलेलें नाहीं. त्यांच्या पुस्तकांत राग आहे तो मंडळींवर. गुरूवर आहे तो रुसवा. शिक्षणाच्या आठवणी आणि फसवणुकीच्या आठवणी एकाच वहींत, कित्येकदां एकाच पानावर येतात, आणि पहिल्यांची गोडी दुसऱ्यांमुळें कमी होत नाहीं. संशोधकास हा या साधनाचा मोठा गुण वाटतो. नुसतें गुणवर्णन असतें तर तें बखरीच्या मासल्याचें झालें असतें. नुसती फिर्याद असती तर ती कैफियतीच्या मासल्याची.

बाईंनीं यानंतर आणखी एकदां आठवणी लिहावयास घेतल्या. १९२४ च्या सुमारास 'रूप ओ रंग' या नियतकालिकांत 'आमार अभिनेत्री जीवन' ही लेखमाला क्रमशः येऊं लागली. त्याच्या संपादकांत कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय हे एक होते. वर दिलेला जोहाराच्या फेराचा उतारा याच मालेंतला आहे. दोन्ही लेखनांत वीसबावीस नव्हे, बारातेराच वर्षांचें अंतर आहे. पण लिहिणारी जणूं दुसरी स्त्री वाटते. 'आमार कथा' लिहिली तेव्हां त्यांची एकुलती मुलगी कोवळ्या वयांत गेलेली, दीर्घकाळ आश्रय देणारे गृहस्थही नुकतेच निवर्तलेले. त्या शोकांत सर्व आयुष्य त्यांस पापाचें फळ वाटत होतें. दुसऱ्या मालेंत तें विलापाचें आवरण नाहीं. म्हातारी बाई नातवंडांस सांगावें तसें दौऱ्यांच्या, आगगाडीच्या, लखनौच्या खेळाच्या गोष्टी सांगते. तेथें 'नीलदर्पण' चालू असतां तोरापनें निळीच्या साहेबास बडविल्याचा देखावा येतांच प्रेक्षकांतील गोरे लोक रंगभूमीवर धांवून आले, आणि मंडळींस तेथून लगबगीनें पाय काढावा लागला. शास्त्रीय दृष्टीनें पाहतां या दुसऱ्या लेखनावर अधिक विसंबावें असें आम्हांस वाटतें, निदान रंगभूमीच्या व्यवहारापुरतें तरी. कारण तेथें लेखिकेस कांहीं सिद्ध करावयाचें नाहीं. मात्र ही माला अपुरीच राहिली. गिरीशबाबूंच्या थिएटरच्या भरभराटीचे दिवस त्या मोकळ्या भाषेंत लिहिले गेले असते तर बंगाली रंगभूमीच्या इतिहासास केवढा लाभ झाला असता! विनोदिनीबाई १९४१ सालीं वारल्या.

त्यांचें लेखन पुढें नट सौमित्र चट्टोपाध्याय व निर्माल्य आचार्य यांनीं एकत्र संपादून काढलें, आणि रिमली भट्टाचार्य यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९९८ सालीं प्रसिद्ध झालें. ज्यांस बंगाली येत नाहीं त्यांनीं तें पाहावें. आपल्याकडील नाट्येतिहासकारांनीं तें तुलनेसाठीं हातीं ठेवावें अशी आमची शिफारस आहे; बालगंधर्वांच्या काळांतील तालमींविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्याच्या शेजारीं गिरीशबाबूंची ही शिक्षणपद्धति ठेवली असतां पुष्कळ उपयुक्त प्रश्न निघतील.

राहतां राहिली नांवाची गोष्ट. बीडन स्ट्रीटवरील ज्या इमारतीसाठीं विनोदिनीबाईंनीं टोपल्या वाहिल्या, तिचें एमेराल्डनंतर क्लासिक झालें, मग कोहिनूर, मग मनमोहन. आणि अखेर शहरांतून काढलेल्या नव्या हमरस्त्याच्या कामांत ती पाडली गेली. हातीबागानचें दुसरें स्टार, जें त्यांनीं रंगभूमि सोडल्यानंतर उभें राहिलें आणि ज्याच्या रंगमंचावर त्यांचें पाऊल नटी म्हणून कधीं पडलें नाहीं, तें १९९१ सालीं आगींत जळालें व २००४ सालीं दुरुस्त होऊन पुन्हां उघडलें. २०२४ च्या डिसेंबरअखेर पश्चिम बंगाल सरकारनें या दुसऱ्या इमारतीस 'विनोदिनी थिएटर' हें नांव देण्याचें जाहीर केलें. वर्तमानपत्रांनीं हें वृत्त देतांना कित्येक ठिकाणीं दोन्ही इमारती एकच धरल्या आहेत. पुढील अभ्यासकांचा घोटाळा होऊं नये म्हणून दोहोंचा भेद येथें नमूद करून ठेविला आहे.